पाच ताऱ्यांची शेगडी आणि एक ‘निघालोच’

एकदा एका भुसार व्यापाऱ्याच्या घरातला गॅसचा सिलिंडर एकोणीस दिवसांत संपला. यात दृष्टांत सांगण्याजोगे काय आहे, असे तुम्ही म्हणाल. थोडा धीर धरा. शेजारच्या घरात खाणारी तोंडे सात, आणि तिथे तोच सिलिंडर महिना उलटला तरी चालत असे. व्यापाऱ्याच्या घरी जेवणारी माणसे दोनच. एक स्वतः त्र्यंबकशेठ. त्यांची पत्नी निवर्तली होती आणि मुलगा परगावी होता. दुसऱ्या त्यांचा स्वयंपाक करणाऱ्या अनसूयाबाई.

शेठनी रिकामा सिलिंडर बोटाने वाजवून पाहिला आणि म्हणाले, “अनसूयाबाई, तुम्ही गॅस पिता की काय?”

सोळा वर्षे बाई या घरात रांधत होत्या, परसातल्या खोलीत राहत होत्या आणि जायला त्यांना दुसरे घर नव्हते. शेठ पुढे म्हणाले, “नवी शेगडी आणतो. तिच्यावरही हेच झालं, तर पुढच्या महिन्यापासून मला दुसरी बाई बघावी लागेल.” एवढे बोलून ते दुकानात गेले. बाईंनी त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा घातले.

गावाबाहेर नदीकाठच्या देवळामागे एक वृद्ध आचार्य राहत. त्यांचा लौकिक असा, की लोक त्यांना मोक्षाविषयी कमी आणि विहीर कुठे खणावी याविषयी अधिक विचारत. त्र्यंबकशेठ त्यांच्यापुढे बसले. “गुरुजी, कमीत कमी जळणात स्वयंपाक होईल अशी शेगडी सांगा. बाजारात इतके प्रकार आहेत की डोकं चालत नाही.”

गुरुजींनी आपल्या शिष्याकडे पाहिले. शिष्याचे नाव भार्गव. बुद्धी तीक्ष्ण, स्मरणशक्ती अफाट, आणि एक विचारले तर दहा सांगणार, हा एवढा एकच दोष. त्याला चौकशीसाठी बाजारात पाठवण्यात गुरुजींची दूरदृष्टी होती की दुपारची झोप निवांत व्हावी अशी इच्छा होती, हे मला ठाऊक नाही. दोन्ही असावे.

तीन दिवसांनी भार्गव भरलेली वही घेऊन परतला. “गुरुजी, शेगडीवर तारे छापलेले असतात. तारे जितके अधिक, तितकं जळण कमी. गॅसची ज्योत निळी हवी आणि भांड्याच्या बुडाखाली मावणारी हवी. कडेनं वर गेलेली ज्योत नुसतं स्वयंपाकघर तापवते. काचेच्या दाराचा ओव्हन देखणा आहे खरा, पण वाटीभर आमटी गरम करायला आतली अख्खी पेटी तापवत बसायची. विजेवरची इंडक्शन शेगडी मात्र थेट भांड्याचं बूडच तापवते, त्यामुळे उष्णता फार वाया जात नाही. अट एवढीच, की बुडाला लोहचुंबक चिकटलं पाहिजे.”

त्याने खिशातून लोहचुंबक काढून देवळातल्या तांब्याच्या पळी-पंचपात्राला लावून दाखवले. ते चिकटले नाही. देवाच्या भांड्यांचा त्याला थोडा रागच आला.

“उत्तम,” गुरुजी म्हणाले. “उद्या शेठच्या स्वयंपाकघरात जाऊन बसू.”

“पण गुरुजी, शेगडी तर बाजारात आहे.”

“जुनी घरात आहे ना. तिचं काय दुखतंय ते आधी विचारू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गुरू आणि शिष्य शेठच्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसले. माडीवरून शेठचा आवाज आला, “उठलोच. आंघोळीचं पाणी ठेवा.” बाईंनी मोठे पातेले गॅसवर चढवले. पाणी कढत झाले. शेठ काही उतरले नाहीत, म्हणून बाईंनी गॅस बंद केला. अर्ध्या तासाने पुन्हा वरून, “आलोच.” पुन्हा पातेले चढले. तिसऱ्या ‘आलोच’ला शेठ खरोखरच आले आणि पाणी फार कढत आहे म्हणून त्यात दोन कळशा गार पाणी ओतून मोकळे झाले.

शेठ दुकानात गेल्यावर बाई स्वयंपाकाला लागल्या. डाळ त्यांनी आधीच भिजत घातली होती. भाजीवर झाकण, ज्योत बेताची, एक भांडे उतरले की दुसरे तयार. पाऊण तासात सगळे आटोपले. वहीतली सारी कलमे या बाईंच्या हाताला वही न बघता येत होती. भार्गवने थोडे खट्टू होऊन वही मिटली.

साडेबाराला बाईंचा मोबाइल वाजला. “निघालोच. पान वाढा.” बाईंनी आमटी गरम करायला ठेवली, तवा तापवला, पान मांडले. शेठ आले नाहीत. बाईंनी गॅस बंद केला. एक वाजून दहा मिनिटांनी पुन्हा फोन, “कोपऱ्यावरच आहे.” पुन्हा आमटी, पुन्हा तवा. आमटी आटली, तिच्यात पाणी गेले. पावणेदोनला, “आलोच, चप्पल घालतोय.” ती चप्पल घालायला शेठना पस्तीस मिनिटे लागली. सव्वादोनच्या पुढे कधीतरी ते आले, जेवले, आणि हात धुताना म्हणाले, “आमटीला हल्ली चव नसते.”

ते गेल्यावर अनसूयाबाईंनी स्वतःचे ताट घेतले. त्यांनी काही गरम केले नाही. भार्गवला राहवेना. “बाई, ते आल्यावरच गॅस का पेटवत नाही तुम्ही?”

“पेटवला होता एकदा,” बाई म्हणाल्या. “तर म्हणाले, आता काय तवा तापायची वाट बघत बसू?”

भार्गवने हे उत्तर टिपायला वही उघडली आणि एक अक्षरही न लिहिता मिटली. त्याच्या बाबतीत ही घटना दुर्मीळ म्हटली पाहिजे.

परतताना गुरुजींनी विचारले, “सगळ्यांत चांगली शेगडी कोणती म्हणालास?”

“इंडक्शन, गुरुजी. पाच तारे.”

“उद्या घेऊन ये. आमटीसाठी बुडाला चुंबक चिकटेल असं पातेलंही आण. आणि घरी नेऊ नकोस, शेठच्या दुकानात मागच्या दारानं ये. मी बाईंना घेऊन येतो.”

भुसाराच्या दुकानात शेगडीचे काय काम? गुरुजींचे वय झाले, असे भार्गवच्या मनात येऊन गेले. पण शिष्याने असले विचार मोठ्याने करायचे नसतात, म्हणून तो निमूट बाजारात गेला.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता शेठच्या गादीमागे, ज्वारीच्या पोत्यांच्या थप्पीआड शेगडी लागली. आमटीचे पातेले घेऊन अनसूयाबाई शेजारी बसल्या. नोकरी जायचीच असेल, तर ती आजच जाईल, असे त्यांना वाटत होते. पलीकडे गादीवर शेठ चार मित्रांना पाऊस यंदा कसा पडेल ते समजावून सांगत होते.

साडेबारा झाले. शेठनी बोलता बोलताच फोन लावला. आणि पोत्यांमागे घंटी वाजली.

“निघालोच,” शेठ फोनमध्ये म्हणाले. “पान वाढा.”

“बरं, शेठ,” बाई म्हणाल्या. शेठना ते एकदा कानात ऐकू आले आणि एकदा पाठीमागून. त्यांनी मान वळवून पाहिले, मग फोनकडे पाहिले, आणि फोन बिघडला असे ठरवून पावसाकडे परत वळले. थोड्या वेळाने दुकानात लसणीच्या फोडणीचा वास पसरला. मित्रांचे पावसावरून लक्ष उडाले. अखेर शेठ उठले आणि थप्पीमागे जाऊन पाहतात तो नव्या कोऱ्या शेगडीवर आमटी रटरटते आहे, एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला गुरुजी, आणि मध्ये भार्गव वही घेऊन.

“हे काय मांडलंय, गुरुजी?”

“तुम्ही मागितलेली शेगडी,” गुरुजी म्हणाले. “भार्गवनं तीन दिवस हिंडून शोधली, चांगलीच आहे. घरी लावली असती तरी थोडी बचत झाली असती. पण शेठ, तुमचा स्वयंपाक पाऊण तासात होतो. बाकीचा सिलिंडर तुमच्या ‘निघालोच’वर जळतो. तुम्ही इथं बसता आणि शेगडी तिथं पेटते. म्हटलं, दोघांना एका जागी आणावं. तुम्हाला तवा तापेपर्यंत पाच मिनिटं थांबवत नाही. तो तवा तुमच्यासाठी रोज दोन तास थांबतो. आणि या बाई सोळा वर्षं थांबताहेत. इतक्या वर्षांत दुपारी ऊन भात त्यांच्या ताटात पडलेला नाही. त्याला किती तारे द्यायचे, हे भार्गवच्या वहीत मला कुठं सापडलं नाही.”

मित्रांपैकी एकाला अचानक काम आठवले. दुसऱ्याने घरी फोन लावला, ‘निघालोच’ म्हणायला तोंड उघडले आणि फोन तसाच बंद करून खरोखर निघाला. शेठ थप्पीला हात टेकून उभे राहिले. त्यांना लाज वाटली, आणि ती त्यांच्या चेहऱ्यावर सगळ्यांना दिसली. मग त्यांनी उपरण्याने धरून आमटीचे पातेले उचलले. “चला, अनसूयाबाई,” एवढेच म्हणाले. भर बाजारातून शेठ आमटी घेऊन चालत घरी गेले, आणि त्या दिवशी बाजारात दुसरा विषय नव्हता.

भार्गवने शेगडी उचलताना विचारले, “गुरुजी, मग ही परत करायची?”

“छे. घरी नेऊन लाव. चांगली वस्तू आहे. फक्त ती जेवणाऱ्यासकट वापरायची असते, एवढं वहीत लिहून ठेव.”

दुसऱ्या दिवशी साडेबाराला अनसूयाबाईंचा मोबाइल वाजला. सवयीने त्यांचा हात शेगडीकडे गेला. “आलो,” शेठ म्हणाले. बाईंना तो शब्द एकदा कानात ऐकू आला आणि एकदा दारातून. शेठ पायरीवर उभे होते, फोन अजून कानाला होता आणि चपला काढून झाल्या होत्या.

“तवा तापायचाय अजून,” बाई भीत भीत म्हणाल्या.

“तापू दे,” शेठ म्हणाले आणि पाटावर बसले. जरा वेळाने त्यांनी हात लांब करून भिंतीशी उभा ठेवलेला दुसरा पाट समोर मांडला. “तुमचंही पान घ्या. भात ऊन आहे तोवर.”

ही कथा मी इथवर लिहिली तोवर आमच्या स्वयंपाकघरातून दोनदा हाक आली. दोन्ही वेळा मी ‘आलोच’ म्हणालो आहे. उठतो.