दुसऱ्या तीराची नावे

युरोपातील दोन देशांच्या सीमेवरून वाहणाऱ्या एका नदीकाठी एक वृद्ध शिक्षक राहत असत. ऐंशी वर्षांपूर्वीच्या युद्धात दोन्ही तीरांवरच्या गावांनी एकमेकांना खोल जखमा दिल्या होत्या. पुढे पूल पुन्हा बांधला गेला, ये-जा सुरू झाली; परंतु मृतांचा स्मृतिदिन मात्र दोन्ही गावे वेगवेगळा पाळत.

एका वर्षी गुरुजींनी स्मृतिदिनाच्या समारंभासाठी दोन्ही गावांना एकत्र बोलावले. प्रत्येक तीरावरच्या एका विद्यार्थ्याला त्यांनी तिथे वाचण्यासाठी घरच्या वडीलधाऱ्यांकडून युद्धाविषयी ऐकलेले लिहून आणायला सांगितले.

अलीकडच्या तीरावरची विद्यार्थिनी एकोणीस वर्षांची होती. पलीकडच्या सैनिकांनी घर पेटवल्यावर तिची पणजी रुक्सांद्रा तान्ह्या बाळाला कवटाळून बर्फातून चालत निघाली होती. बाळ वाचले, ती वाचली नाही. ते बाळ म्हणजे मुलीचे आजोबा. त्यांच्याजवळ बसून तिने सारे मनापासून लिहून काढले होते.

समारंभाच्या सकाळी गुरुजींनी तिचा कागद काढून घेतला आणि त्याचे भाषांतर पलीकडच्या तरुण विद्यार्थ्याला दिले. त्या तरुणाच्या कागदाचे भाषांतर त्यांनी तिच्या हाती ठेवले. पिठाची पोती घेऊन निघालेल्या एका नावेवर या तीरावरून गोळ्या झाडल्या गेल्या आणि सात माणसे बुडाली, असे त्यात होते. ही हकिकत तिला आजवर कोणी सांगितली नव्हती.

“आजोबा पहिल्या रांगेत बसलेत,” ती हळूच म्हणाली. “त्यांच्यासमोर हे वाचलं तर ते उठून जातील.”

“जातीलही कदाचित,” गुरुजी म्हणाले. “तू वाच.”

ती वाचू लागली. नावेचा उल्लेख येताच आजोबा काठी टेकत उठले आणि दाराकडे निघाले. ती वाचत राहिली. मृतांच्या यादीत नावाड्याचे नाव होते त्स्वेतान. तिथे तिची जीभ अडखळली. मागच्या रांगेत एक वृद्धा उभी राहिली. ती त्या नावाड्याची मुलगी होती. तिने बापाचे नाव सावकाश उच्चारून दाखवले. विद्यार्थिनीने नीट जमेपर्यंत ते पुन्हा पुन्हा म्हटले.

मग तो तरुण वाचू लागला आणि ‘रुक्सांद्रा’पाशी चुकला. दारापर्यंत पोहोचलेले आजोबा वळले. तिथूनच त्यांनी आपल्या आईचे नाव स्पष्टपणे घेतले. तरुणाने ते तसेच उच्चारले. आजोबा परत आले आणि मागच्या रांगेत त्या वृद्धेशेजारी बसले.

संध्याकाळी मुलीने गुरुजींना कागद बदलण्याचे कारण विचारले.

“आपलं दुःख आपल्याला पाठ असतं, बाळ,” ते म्हणाले. “पाठ असलेलं माणूस न अडखळता बोलून जातो. दुसऱ्याचं दुःख वाचताना अडखळायला होतं, मग थांबून त्यालाच विचारावं लागतं. कोणी काय केलं हे झाकायचं नाही. पण ऐंशी वर्षांत या दोन गावांनी एकमेकांना मेलेल्यांची नावंसुद्धा विचारली नव्हती.”

दुसऱ्या दिवशी तिने आजोबांना त्या नावेविषयी विचारले. ते म्हणाले, “गोळ्या झाडणाऱ्यांत माझा मामा होता.”

तिने कागद पुढे ओढला आणि तेही लिहून घेतले.