तांब्याचं घंगाळ आणि हिरवी पिल्लं

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक तांबट राहत होता. त्याच्या हातची भांडी पंचक्रोशीत नावाजलेली. त्याने घडवलेला हंडा कधी गळला नाही, की कळशीचा काठ कधी वाकडा निघाला नाही. घरात तो आणि त्याची लहानगी मुलगी वेणू, अशी दोघंच माणसं. वेणूची आई उन्हाळ्यात तापाने गेली होती, आणि तेव्हापासून वेणूचं बोलणंच थांबलं होतं. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की झोपायची. पण तोंडातून शब्द म्हणून निघत नसे.

तांबटाने काय काय करून पाहिलं! जत्रेतून बाहुली आणली. दुकानातली कामं बाजूला सारून तांब्याची इवलीशी चूल घडवली, परात घडवली, नखाएवढी पळीसुद्धा घडवली. वेणूने ते सगळं कोनाड्यात नीट मांडून ठेवलं, आणि ती पुन्हा आपली गप्प.

मग पावसाळा आला. त्यांच्या परसात जांभळाच्या झाडाखाली गुरांना पाणी पाजायची जुनी दगडी डोणी होती. गुरं केव्हाच गेली होती. डोणी एका कडेला चिरलेली, आतून शेवाळाने हिरवीगार. एके सकाळी वेणूला वरच्या फांदीवर, पानांच्या बेचक्यात, पांढऱ्या फेसाचा गोळा दिसला. झाडावर राहणाऱ्या बेडकीने त्यात अंडी घातली होती. थोड्या दिवसांनी फेस विरघळला आणि त्यातून शेपटीवाली इवली इवली पिल्लं टपटप खाली डोणीत पडली.

वेणूला जणू काम मिळालं. ती तासन्‌तास डोणीशी बसायची. पिल्लं शेवाळ कुरतडतात, हे तिने पाहून ठेवलं. शेवाळ कमी पडलं की ती माठाच्या भाजीची पानं मऊ उकडून पाण्यात सोडायची. पाणी घाण होऊ लागलं की थोडंसंच काढून ओढ्याचं ताजं पाणी घालायची. पिल्लांना पाय फुटले, तसं तिने डोणीत तिरप्या काटक्या टेकवल्या, कारण पाय आलेलं पिल्लू सारखं पाण्याबाहेर यायला धडपडतं, आणि चढायला काही नसलं तर दमून बुडतं. एक पिल्लू असंच गेलं होतं, तेव्हा तिला ते कळलं. ज्यांच्या शेपट्या आखूड होऊन गेल्या, ती काटक्यांवर चढून पानासारखी हिरवी होऊन बसू लागली. त्यांच्यासाठी तिने केळ्याची साल ठेवली. सालीवर चिलटं जमायची, आणि पिल्लं ती टिपायची.

एका दुपारी तांबट पाणी प्यायला आत आला, तर परसातून आवाज आला. तो दाराआड थबकला.

"तू काल पडलास ना? आज हळू चढ हं. घाई नाही करायची."

वेणू बोलत होती! तांबटाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो पाणी न पिताच दुकानात परतला आणि किती तरी वेळ हातोडा हातात धरून नुसता बसून राहिला.

त्या दिवसापासून एकच विचार त्याच्या मनात घोळू लागला. ज्यांनी माझ्या लेकीला बोलतं केलं, ती पोरं फुटक्या, शेवाळलेल्या डोणीत राहतात, आणि तीही तांबटाच्या घरी! त्याने घरातला सगळ्यात चांगला पत्रा काढला आणि घंगाळ घडवायला घेतलं. बाहेरून त्यावर वेलबुट्टी ठोकली, आतून ते आरशासारखं गुळगुळीत केलं. असं भांडं त्याने आजवर कुणाला घडवून दिलं नव्हतं.

श्रावणातल्या बाजाराच्या दिवशी शेजारची कुंभारीणकाकू वेणूला आपल्यासोबत बाजाराला न्यायला आली. तांबट ओसरीवर चिंचेने घंगाळ घासत होता. वेणू चपला घालायला आत गेली, तसं काकूने हळूच विचारलं, "भावोजी, एवढं सुरेख घंगाळ कुणासाठी?"

"वेणूच्या बेडकांसाठी. तुम्ही परत याल तेव्हा ती पिल्लं नव्या घरात असतील. तिला सांगू नका हं."

काकू जरा घुटमळली. "पोर दिवसभर त्यांच्यापाशी असते. काय लागतं, काय नाही, तिला ठाऊक. एकदा विचारून घ्या की."

"विचारलं तर गंमत काय राहिली, वहिनी?" तांबट हसला. "तिचा चेहरा बघायचाय मला."

त्या दोघी गेल्या. तांबटाने घंगाळ विहिरीच्या स्वच्छ पाण्याने भरलं. ओंजळीने अलगद एकेक पिल्लू उचलून त्यात सोडलं. काटक्यांवरची हिरवी पिल्लंही धरली, आणि कावळ्याची भीती नको म्हणून वर पातळ फडकं बांधलं. काटक्या मात्र त्याने घातल्या नाहीत, नव्या भांड्यात कचरा कशाला म्हणून. मग उन्हात चमकावं म्हणून घंगाळ अंगणात ठेवलं आणि समाधानाने कामाला लागला.

दिवस कलता कलता वेणू परतली. तांबट तिला हाताला धरून घंगाळाकडे घेऊन आला. "बघ तर," म्हणत त्याने फडकं सोडलं.

पिल्लं पाण्यावर उलटी तरंगत होती. एकही हलत नव्हतं. काहींचे पुढचे पाय गुळगुळीत काठाला लागलेले होते. तांब्याचं पाणी माणसाला मानवत असेल, पण त्या कोवळ्या जिवांना ते विष झालं होतं. त्यात दिवसभराचं ऊन, आणि बाहेर यायला वाट नाही.

वेणू घंगाळाशी खाली बसली. तिने आधी हात ओले केले, कारण कोरड्या हाताचा पिल्लांना त्रास होतो. मग एकेक पिल्लू काढून अळूच्या पानावर ठेवलं.

"वेणू, मला वाटलं गं..." तांबट म्हणाला. "माझ्याकडचं सगळ्यात चांगलं द्यावं, म्हणून मी..."

"मला विचारलं का नाहीत?"

इतक्या दिवसांत लेकीने त्याच्याशी बोललेले हे पहिले शब्द होते.

"तुम्ही मला विचारतच नाही, बाबा. आई आजारी पडली तेव्हाही मला मामाकडे धाडलंत. मला नव्हतं जायचं. आणलंत तेव्हा आई नव्हतीच."

"तू लहान होतीस. तुला ते बघवलं नसतं, म्हणून..."

"आई मला हाका मारत होती?"

तांबटाला वाटलं, नाही म्हणावं. पोरीच्या जिवाला तेवढंच बरं वाटेल. ओठांवर आलेला शब्द त्याने गिळला.

"मारत होती," तो म्हणाला. "शेवटपर्यंत. आणि मी तिला सांगत होतो, वेणू निघालीय, वाटेत आहे. मी कुणाला पाठवलंच नव्हतं तुला आणायला."

तेव्हा कुठे वेणू रडली. आई गेल्यापासून ती रडलीच नव्हती. अळूच्या पानाशी बसून, हुंदके देत रडली. कुंभारीणकाकू कुंपणापाशी आली, पदर तोंडाला लावून तिथेच उभी राहिली. तांबटाने लेकीला कवेत घ्यायला हात पुढे केले, आणि ते तसेच थांबले.

"वेणू," त्याने विचारलं, "मी जवळ येऊन बसू?"

तिने डोळे पुसले. मग मान न उचलता म्हणाली, "नको. तिथेच बसा."

तांबटाने हात मागे घेतले. तो पुढे सरकला नाही. ती म्हणाली होती तिथेच, अंगणातल्या ओल्या मातीत, तो खाली बसला आणि ती हाक मारेपर्यंत तिथून उठला नाही.

तात्पर्य: आपल्याला जे मोलाचं वाटतं, ते दुसऱ्याला मानवेलच असं नाही. ज्याच्यावर माया करायची त्याला आधी विचारावं, आणि तो नको म्हणाला तर तेही ऐकावं.