पालथा वाडगा

“आणि वाचून झाल्यावर?” तळकर सरांनी विचारलं.

“वाचून झाल्यावर काय, सर? छापायचं.”

“आणि छापून झाल्यावर?”

हर्षदा हसली. सर असेच. सरळ बोलतील तर शपथ.

हनोख तळकर एक्याऐंशी वर्षांचे होते. मुंबईत चाळीस वर्षं त्यांनी जुन्या लिप्या शिकवल्या आणि मग रेवदंड्याच्या अलीकडे, समुद्राजवळच्या आपल्या गावी येऊन राहिले. घराणं बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं. आजोबांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद ठेवायचा ही त्यांची रीत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं.

हर्षदा भिसे ही सरांची शेवटची विद्यार्थिनी. आटपाडीच्या कोरड्या मुलखातून आलेली ही मुलगी सरांच्या हाताखाली अरामी ही प्राचीन भाषा शिकली आणि परदेशात जाऊन जादूच्या इतिहासावर प्रबंध लिहून आली. रोमन लोक शत्रूचं नाव शिशाच्या पत्र्यावर कोरत, पत्रा गुंडाळून त्यात खिळा ठोकत आणि विहिरीत टाकून देत. असे एकशे चाळीस शाप तिने वाचले होते. चेटकिणी ठरवून युरोपात जाळलेल्या बायकांचे जबाब वाचले होते. तरी तिला झोप छान लागायची. या विषयात आपल्याला शिकवील असं आता फारसं कुणी उरलेलं नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं, आणि ते तिच्या बसण्यातही दिसायचं.

आज शुक्रवार होता आणि उद्या सकाळी तिचं विमान होतं. त्याआधी दोन कामं उरकायची होती. एक, सरांकडचा वाडगा मागून न्यायचा. दुसरं, आईला समुद्र दाखवायचा.

आई, अंजनाबाई, बाहेर ओटीवर बसली होती. तिला काचबिंदू झाला होता. दिवाळीनंतर उजेड आणि अंधार एवढाच फरक कळेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बासष्ट वर्षांत तिने समुद्र पाहिला नव्हता. सूर्य पाण्यात बुडताना एकदा बघायचाय, एवढं एकच तिने लेकीकडे मागितलं होतं. किनारा इथून दहा मिनिटांवर होता आणि आत्ता कुठे साडेचार वाजत होते.

वाडगा टेबलावर पालथा होता. भाजक्या मातीचा, ओंजळीत मावेल एवढा.

दीड हजार वर्षांपूर्वी बाबिलोनच्या मुलखात लोक असे वाडगे उंबऱ्याखाली पालथे पुरत. आतल्या बाजूला गोल गोल ओळींत मंत्र लिहिलेला असे. घरात शिरू बघणारी बाधा त्याखाली अडकते आणि तिथेच राहते, अशी समजूत. असे वाडगे ढिगाने सापडलेत आणि बहुतेक वाचताही येतात. सरांचा येत नव्हता. भायखळ्याचं एक बगदादी ज्यू कुटुंब मुंबई सोडून जाताना तो त्यांना देऊन गेलं होतं.

“लोक म्हणतात, हे लिखाणच नाही,” हर्षदा म्हणाली. “कुणीतरी निरक्षर माणसाने रेघोट्या ओढल्या आणि गिऱ्हाइकाला गंडवलं.”

“आणि तू?”

“मी म्हणते, लिखाण आहे. एम.ए.ला असताना मी याचे फोटो काढले होते. गेले सहा महिने त्यावर बसलेय. दुसऱ्या ओळीतला एक शब्द लागलाय.”

सर मघापासून चहाचा रिकामा कप बशीत अंगठ्याने हळूहळू फिरवत होते. कप थांबला.

“कोणता?”

“‘जवळ’.”

मग कप पुन्हा फिरू लागला.

“त्याच्या पुढचा?”

“लागेलच. अगदी लागत आलाय. फोटोत कड नीट दिसत नाही, म्हणून मूळ वाडगा हवा.”

“हं...”

बाहेर माडाची झावळी पडल्याचा आवाज झाला. अंजनाबाईंनी तिकडे मान वळवली, पण त्यांना ती दिसली नसावी.

“हर्षदा, हा लिहिणारा अडाणी नव्हता.”

“तेच तर म्हणतेय मी.”

“तू वेगळं म्हणतेस. याला लिहिता येत होतं, फार चांगलं येत होतं. प्रत्येक शब्द ‘आता वाचता येईल’ इथवर आणायचा आणि सोडून द्यायचा... सबंध वाडगाभर. तू करून बघ एक ओळ. जमायचं नाही.”

“पण असं कशासाठी करेल कुणी?”

“कुणासाठी, ते विचार.”

हर्षदाला सरांची कीव आली. म्हातारपणी माणसं अशी हळवी होतात, तिला वाटलं.

“सर, भूत नसतं. माणसाची भीती असते, आपण तिचा अभ्यास करायचा. हे तुम्हीच शिकवलंत.”

“आजही तेच शिकवीन. भूत नसतं.”

“मग यात अडकणार कोण?”

सरांनी खिडकीबाहेर बोट केलं. मागच्या परसात एक गोल पट्टा होता. भोवती हिरवंगार गवत, आणि त्या पट्ट्यात काडी नव्हती.

“आजोबांचा घाणा,” सर म्हणाले. “मोडून साठ वर्षं झाली. बैलाचं नाव चांद्या. त्याच्या डोळ्यांवर झापडं असायची.”

“फिरून चक्कर येऊ नये म्हणून?”

“मीही तेच विचारलं होतं. आजोबा म्हणाले, आपण कुठेतरी चाललोय असं त्याला वाटायला हवं.”

हर्षदाने घड्याळाकडे पाहिलं.

“शुक्रवारी दिवेलागणीच्या आत आजोबा त्याला सोडायचे,” सर सांगत राहिले. “जू काढायचे, झापडं काढायचे, पुढ्यात पेंड टाकायचे. शनिवारी सकाळी मी परसात यायचो... चांद्या रिंगणात. घाण्यात काही नाही, मानेवर काही नाही, डोळे उघडे. आणि फिरतोय.”

त्या उघड्या डोळ्यांचं चित्र हर्षदाला आवडलं नाही. तिने विषय बदलला.

“सर, तुम्ही नाही म्हणालात तरी माझ्याकडे फोटो आहेत. मी वाचायची थांबणार नाही.”

“ते दिसतंय मला.”

सर उठले. वाडगा त्यांनी तिच्याकडे सरकवला, पालथाच.

“वाच. इथे बसून वाच. एकच अट. आईने पहिली हाक मारली की उठायचं. उठलीस तर वाडगा तुझा.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“आणि नाही उठले तर?”

“तरी तुझाच,” सर म्हणाले.

अंजनाबाईंनी ओटीवरून आत डोकावून विचारलं, “काय हाय गं त्ये?”

“जुना वाडगा आहे, आई. मंत्र लिहिलाय आतून.”

“पालथा का घातलाय?”

“तशीच पद्धत होती.”

“मग ऱ्हाऊ दे की पालथा,” अंजनाबाई म्हणाल्या. “ऊन उतराय लागलं की हाक मारते गं.”

“मार. लगेच येते.”

हर्षदाने वाडगा उलटला.

मध्यभागी काळ्या शाईने एक आकृती काढली होती. पायात बेड्या, डोळे मोठाले. अशा आकृत्या तिने पुष्कळ पाहिल्या होत्या. बाधेचंच चित्र ते. पण त्या सगळ्या समोर बघत असायच्या. हिची मान ओळींकडे वाकलेली होती. फोटोत हे दिसलं नव्हतं.

दुसरी ओळ. ‘जवळ’ होता. तिचं काही चुकलं नव्हतं, आणि तिला मनापासून आनंद झाला.

पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर सुटलं. मग तिसरं. मधलं तेवढं राहिलं. तिने वाडगा थोडा फिरवला. अक्षर कडेखालून पुढच्या ओळीत गेल्यासारखं वाटलं. पुढच्या ओळीत त्याच्यासारखंच एक होतं. ते लागलं असतं तर हे लागलं असतं. तिने आणखी थोडा फिरवला... शेवटच्या ओळीत तीच जोडी पुन्हा आली होती. म्हणजे सुरुवातीला जायला हवं. ती सुरुवातीला गेली.

कुठूनतरी कुणीतरी काहीतरी म्हणालं. ते दुसऱ्या कुणाला असावं.

मधलं अक्षर आता जवळजवळ दिसत होतं. आणखी एक फेरा. फार तर दोन.

एक सुरकुतलेला हात वरून आला आणि वाडगा पालथा झाला.

“काय हे, सर,” हर्षदा चिडून म्हणाली. “आत्ता सुटत होतं. दोन मिनिटं तरी झाली का?”

फडताळावर काचेच्या पेल्यात शुक्रवारचा खोबरेल तेलाचा दिवा तेवत होता. तो कधी लावला, ते तिला आठवेना. खिडकीत अंधार होता. परसही दिसत नव्हतं आणि तो गोल पट्टाही.

तिच्या खांद्यावर एक हात होता. आईचा. आई खुर्चीमागे उभी होती. किती वेळ, कुणास ठाऊक.

“आई, हाक नाही मारलीस?”

“चार मारल्या की गं. चौथीला ‘आले, एकच शब्द’ म्हणलीस. म्हणून मग आत येऊन उभी ऱ्हायले.”

“मी म्हणाले?”

“व्हय. पर माझ्याकडं बघितलं न्हाईस.”

उद्या सकाळचं विमान. परत यायचं ते थेट पुढच्या वर्षी. तोवर आईच्या डोळ्यांत काय उरणार होतं, ते तिला पाठ होतं.

“आई, समुद्र...”

“ऐकला न्हवं म्या,” अंजनाबाई म्हणाल्या. “हितनं लई झ्याक ऐकू येतोय. बघायचंच पायजे असं कुठं हाय?”

रागावली असती तर बरं झालं असतं, असं हर्षदाला वाटलं. तिने आईचा हात धरला. त्या हाताला बाहेरचा गार वारा लागलेला होता.

“मला नको हा वाडगा,” ती सरांना म्हणाली.

सरांनी कोपऱ्यातली पत्र्याची ट्रंक उघडली. आत वह्या होत्या. एका मापाच्या, पुठ्ठ्याच्या, पस्तीस तरी असतील. सगळ्यात खालची त्यांनी काढून तिच्या हातात दिली. पहिल्या पानावर १९७४ साल होतं आणि खाली निळ्या शाईत सरांचं तरणं अक्षर.

‘दुसरी ओळ. एक शब्द लागला: जवळ. पुढचा उद्या लागेल.’

मग त्यांनी सगळ्यात वरची वही दिली. साल २००९. अक्षर थरथरतं झालं होतं.

‘दुसरी ओळ. जवळ. पुढचा उद्या...’

ओळ तिथेच तुटली होती. पुढची पानं कोरी होती.

“इथे का थांबलात?”

“मिलका स्वयंपाकघरातून हाक मारत होती,” सर म्हणाले. मिलका म्हणजे त्यांची बायको. तिने केलेली नारळाची चपटी करंजी हर्षदाने पुष्कळदा खाल्ली होती. “मी ‘आलो’ म्हणालो. मला वाटतं, म्हणालो.”

“मग?”

“उठलो तेव्हा चुलीवरचा भात पार कोळसा झाला होता. ती जमिनीवर होती.”

समुद्राचा आवाज खोलीत येत होता. अंजनाबाईंनी पदर डोळ्याला लावला. त्यांना वाडग्यातलं काही कळलं नव्हतं, भाताचं सगळं कळलं होतं.

“सर,” हर्षदा म्हणाली, “एवढं माहीत असून मला का वाचू दिलंत?”

“तू सहा महिने वाचतेच आहेस.”

तेवढ्यात हर्षदाला मांडीवर काहीतरी हलल्यासारखं वाटलं. तिने खाली पाहिलं. तिच्या दोन्ही हातांची बोटं, कुणी काही धरलेलं नसताना, एक अदृश्य कड हळूहळू उजवीकडून डावीकडे सरकवत होती. तिने मुठी आवळल्या. आईने त्या मुठींवर आपला हात ठेवला.

“पण तुम्ही सुटलात ना, सर?” तिने विचारलं. तिचा आवाज लहान झाला होता. “त्यानंतर तुम्ही वाडगा उलटलाच नाही. एकदाही नाही. म्हणजे सुटता येतं ना?”

सर दिव्याकडे बघत होते. टेबलावर बशीत रिकामा कप होता, आणि त्यांच्या अंगठ्याखाली तो फिरत होता. हर्षदा आली तेव्हाही फिरत होता.

“शुक्रवार संपला, पोरी,” तळकर सर म्हणाले. “आता घाणा बंद आहे.”