नवव्या पानावरची माफी

एका मोठ्या दैनिकाने पहिल्या पानावर ठळक बातमी छापली, ‘इंदूताईंच्या खानावळीत विषबाधा’. खरं तर तिथे जेवणारी काही मुलं जत्रेतली कुल्फी खाऊन आजारी पडली होती. पण खानावळ ओस पडली. खरं कळल्यावर दैनिकाने माफी मागितली, तीही नवव्या पानाच्या तळाशी, बोटभर जागेत.

इंदूताईंनी वृत्तपत्रांच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीकडे दाद मागितली. सुनावणीला सोबत ऋजुता आली. ती पत्रकारिता शिकत होती आणि त्यांच्याकडेच जेवायची.

संपादक दाबके ऐटीत म्हणाले, “माफी छापली ना? आमचा वाचक पेपरचा कोपरा न् कोपरा वाचतो. पहिलं पान काय नि नववं काय, सारखंच!”

इंदूताईंचे डोळे भरून आले. ऋजुता हळूच म्हणाली, “सर, मग सोपं आहे. पहिल्या पानावरची सराफांची जाहिरात नवव्या पानाच्या तळाशी न्या आणि तिच्या जागी माफी छापा. पानं सारखीच, म्हणजे कुणाचंच नुकसान नाही.”

“अगं, सराफ माझा गळा धरेल!” दाबके ताडकन उठले. “तिथे खाली कोण बघतंय?”

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. समितीच्या अध्यक्षबाई हसल्या. “दाबकेसाहेब, निकाल तुम्हीच दिलात. आम्ही फक्त लिहून घेतो.”

रविवारी माफी पहिल्या पानावर आली, बातमीएवढ्याच मोठ्या अक्षरांत. दुपारी खानावळीच्या दाराशी चपला काढायला जागा नव्हती आणि इंदूताई आतून ओरडत होत्या, “अरे, भात संपला, जरा दम धरा!”