नाजूक हातांचे गाव

कानवी नदीच्या दोन काठांवर दोन राज्ये होती. अलीकडे उंचगड, पलीकडे पाणथळ. फार पूर्वी ते एकच राज्य होते. मग भावाभावांत वाटणी झाली आणि नदी मध्ये आली. भाषा मात्र एकच राहिली, भाकरी एकच राहिली, आणि या काठाच्या लेकी त्या काठाला देण्याची रीतही तशीच राहिली.

उंचगड श्रीमंत होते. तिथले गवंडी असे की, त्यांनी दगडाला दगड लावला तर मध्ये मुंगी शिरत नसे. पेठ मोठी होती, रस्ते फरसबंद होते. राजाने नदीकाठी एक बुरूज बांधायला घेतला होता आणि तो दरवर्षी उंच होत होता. दुपार कलली की बुरुजाची सावली नदी ओलांडून पाणथळच्या शेतांवर पडे. संध्याकाळी पारावर बसलेले लोक एकमेकांना सांगत, "आज आपली सावली त्यांच्या विहिरीपर्यंत गेली होती."

पाणथळ गरीब होते. तिथल्या राजाचा वाडासुद्धा लाकडाचा होता. तिथली कितीतरी माणसे रोज नावेत बसून उंचगडच्या खाणीवर मजुरीला येत आणि संध्याकाळी परत जात.

उंचगडच्या काठावर बोरवंड नावाचे गाव होते. त्या गावात भिवरा नावाची एक कासारीण राहत होती. ती दारोदार फिरून बायकांच्या हातांत बांगड्या भरायची. बांगडी हातात चढवताना तिने कधी कोणाला दुखवले नाही, असे सगळ्या म्हणत. बोरवंडच्या बायकांना बांगड्या लहान मापाच्याच लागत. भिवराला त्याचे फार कौतुक होते. "आमच्या गावच्या बाया कशा कमळाच्या देठासारख्या," असे ती सगळीकडे सांगायची.

नदीपलीकडच्या बाजारात मात्र तिची लहान बांगडी कोणाच्याच हातात जात नसे. मग ती हसून म्हणायची, "तुमचे हात आहेत का मुसळं?" पलीकडच्या बायकाही हसायच्या आणि दुसऱ्या कासाराकडे जायच्या.

भिवराला दोन मुली होत्या. थोरली मंजुळा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिथेच गेली. तिचे बाळही गेले. सगळे गाव म्हणाले, "पोर फार नाजूक होती." भिवराही तेच म्हणाली. म्हणण्यासारखे तिच्याजवळ दुसरे काही नव्हते.

धाकटी शेवंता पाणथळात दिली होती. आता तिला दिवस गेले होते आणि पोट चांगले दिसू लागले होते. पहिले बाळंतपण माहेरी, ही दोन्ही काठांची रीत. म्हणून भिवरा हिरवा चुडा घेऊन लेकीला आणायला निघाली.

शेवंताच्या सासरी पोचल्यावर तिने आधी लेकीचा हात हातात घेतला. तळवा दाबला, अंगठा आत वळवला आणि बांगडी सरकवली. बांगडी मध्येच अडली. थोडे तेल लावून पाहिले, तरी पुढे जाईना.

"सासरी येऊन जाड झालीस ग," भिवरा म्हणाली.

"जाड नाही, आई. पोटभर जेवते," शेवंता म्हणाली.

ती हे हसतच म्हणाली, पण भिवराने बांगडी बाजूला ठेवली. लेक बोरवंडची, हाडापेराने मंजुळासारखीच. तिचा हात इथे येऊन भरला होता. भिवरा तो हात बराच वेळ तसाच धरून बसली.

मग ती घरात इकडेतिकडे पाहू लागली. घर साधे होते, कुडाचे. भांडी थोडी होती. पण उंबऱ्यावर झाकलेली वाटी होती. शेजारची एक बाई ती ठेवून न बोलता निघून गेली होती. वाटीत कुळथाचे कढण होते.

"हे काय?" भिवराने विचारले.

"आमची रीत आहे," शेवंताची सासू अनसूया म्हणाली. ती त्या गावची सुईण होती. "बाई पोटुशी असली की आळीतली घरं पाळीपाळीनं वाटी आणतात. कोणाकडे दूध असेल तर दूध, नसेल तर भाजीचं पाणी. रिकामी वाटी कोणी आणत नाही."

अनसूयाने तिला शाळेजवळची एक खोलीही दाखवली. चुन्याने पांढरीशुभ्र रंगवलेली, हवेशीर. बाहेर चुलीवर पाणी उकळत होते. गावातल्या बाया तिथेच बाळंत होत. सुईणींना शिकवायला राजाने वैद्य ठेवले होते.

"तुमच्या राजाकडे पैसा नाही, असं ऐकलं होतं," भिवरा म्हणाली.

"नाहीच आहे. माझा मुलगा तुमच्या खाणीवर दगड फोडतो, म्हणून आमची चूल पेटते. होतं तेवढ्यात राजानं हे आधी केलं. वाड्याचं छप्पर गळतंय त्याच्या."

भिवराला हे आवडले नाही. आपल्या राजाचा बुरूज तिच्या डोळ्यांसमोर आला. ती म्हणाली, "आमच्याकडे कशाची कमी नाही हो. चला, शेवंताची तयारी करा."

अनसूया म्हणाली, "न्या विहीणबाई. लेक तुमची, रीतही तुमच्याच बाजूनं आहे. आम्ही अडवणार नाही."

शेवंता बोचके बांधू लागली. तिच्याकडे एकच चांगले लुगडे होते, जांभळ्या काठाचे. ते तिने घडी घालून धाकट्या नणंदेच्या हातात दिले. "तूच नेस," म्हणाली. नणंद खूश झाली. भिवराने ते पाहिले.

दोघी नदीकडे निघाल्या. वाटेत भिवराने विचारले, "लुगडं का दिलंस ग?"

"असंच."

"परत आल्यावर काय नेसशील?"

पायाखालची वाट बघत ती चालत राहिली. धक्क्याजवळ आल्यावर हळूच म्हणाली, "मंजुळाताईपण माहेरीच आली होती, आई."

तिने तक्रार केली नाही. रडलीही नाही. येणार नाही, असेही म्हणाली नाही. आईबरोबर निमूट नावेकडे जात होती.

भिवराचा एक पाय नावेत होता, एक काठावर. नावाडी म्हणाला, "मावशी, बसा की. नाव डुलतीय."

भिवराने समोर पाहिले. नदीपलीकडे बुरूज उभा होता. त्याच्या पायथ्याशी तिचे गाव होते. गावचे बहिरजी पाटील काय म्हणतील, पारावरचे लोक काय म्हणतील, हे तिला इथूनच ऐकू येत होते. मग तिने लेकीच्या हाताकडे पाहिले.

तिने नावेतला पाय बाहेर काढला.

"तू जा रे बाबा," ती नावाड्याला म्हणाली. "आम्ही येत नाही."

"आई, आणि रीत?" शेवंताने विचारले.

"पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ना? मग मी इथं राहते. मी असेन तिथं तुझं माहेर."

तेव्हा मात्र शेवंता रडली.

भिवरा लेकीच्या सासरी राहिली. विहिणीच्या घरी असे राहायला तिला संकोच वाटायचा, म्हणून ती सगळ्यांच्या आधी उठून अंगण झाडून टाकायची. अनसूया म्हणायची, "अहो, आमच्या झाडूला तरी विश्रांती द्या."

दिवस भरले. बाळ आडवे होते. पहाटेपासून दुपारपर्यंत अनसूया शेवंताजवळून हलली नाही. वैद्यही आले. भिवरा लेकीचे डोके मांडीवर घेऊन बसली होती. देवाला काय मागावे, हेही तिला सुचत नव्हते. मग मुलगी झाली. आधी आवाज आलाच नाही. अनसूयाने तिला उलटे धरून पाठ चोळली आणि बाळाने असा सूर लावला की शाळेतली मुले खिडकीशी गोळा झाली.

शेवंता सुखरूप होती. दमली होती, पण हसत होती.

भिवरा बाहेर येऊन चुलीजवळ बसली. अनसूया हात धुऊन तिच्याशेजारी बसली, तेव्हा भिवरा म्हणाली, "माझी मंजुळा नाजूक नव्हती हो. ती उपाशी होती. मी रोज दहा बायांचे हात हातात घेत होते आणि मला कळलं नाही. उलट मी कौतुक करत हिंडले."

अनसूयाने तिच्या पाठीवर हात ठेवला. "आमच्याकडेही पूर्वी बाया जायच्या, विहीणबाई. माझी बहीण गेली. आम्हीही नशीबच म्हणायचो."

"मग काय केलंत?"

"म्हणायचं सोडलं," अनसूया म्हणाली.

बाळ थोडे मोठे झाल्यावर भिवरा बोरवंडला परतली. बातमी तिच्या आधीच पोचली होती. पाटलांनी तिला पारावर बोलावले. बहिरजी पाटील वाईट माणूस नव्हते. पण उंचगडचे नाव निघाले की त्यांची मान आपोआप ताठ व्हायची.

"भिवरे," ते म्हणाले, "इथलं माहेर सोडून बाळंतपण त्या भुकेकंगालांच्या दारात केलंस. आपल्या राज्याची अब्रू नदीत बुडवलीस."

"बुडाली असेल, पाटील," भिवरा म्हणाली. "पण लेक तरली."

पारावरचे एकदोघे हसले. पाटलांनी त्यांच्याकडे पाहिले, तसे ते गप्प झाले.

"असं आहे काय त्यांच्याकडे? बुरूज आहे?"

"नाही."

"पेठ आहे आपल्यासारखी?"

"छोटी आहे. तिथं मीठ घ्यायला गेलं तर तेल मिळत नाही. रस्त्यात चिखल. पोरं कामाला आपल्याकडेच येतात. तुम्ही म्हणता ते सगळं खरं आहे."

"मग कशात पुढे आहेत ते?"

भिवराला भांडायचे नव्हते. ती हळू आवाजात म्हणाली, "पुढे-मागे मला कळत नाही. तुमच्या हौसाच्या हातात मी आल्याआल्या लग्नातल्याच मापाची बांगडी भरली, पाटील. आता ती आठ महिन्यांची पोटुशी आहे, तरी बांगडी कोपरापर्यंत घसरते. माझ्या मंजुळेची पण अशीच घसरायची. बाकी तुम्ही शहाणे आहात."

हौसा म्हणजे पाटलांची सून. पाटील एकदम उठले. भिवराला वाटले, आता आपल्याला गावाबाहेर काढणार. पण ते सरळ घरी गेले.

त्यांनी कधी सुनेच्या हाताकडे पाहिले नव्हते. तशी रीतच नव्हती. त्या दिवशी हौसा ओसरीवर पाण्याचा तांब्या ठेवायला आली, तेव्हा त्यांनी पाहिले. तांब्या ठेवताना तिने दुसऱ्या हाताचा आधार घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नावेत मजूर नव्हते, कारण नाव उंचगडहून पाणथळला चालली होती. तिच्यात एकटे पाटील बसले होते. त्यांनी पागोटे नीट बांधले होते, पण मान खाली होती.

अनसूया त्या पांढऱ्या खोलीच्या दाराशी निखारे फुंकत होती. पाटलांना पाहून ती म्हणाली, "या पाटील. तुमची सावली दुपारी येते रोज. आज तुम्ही सकाळीच आलात."

पाटलांनी जोडे बाहेर काढले. "माझी सून अवघडलेली आहे, बाई," ते म्हणाले. "तुम्ही काय काय करता, ते मला सांगाल का?"

अनसूयाने टोमणा मारून घेतला होता, आता तिला त्याचे वाईट वाटले. तिने फुंकणी खाली ठेवली. "सांगून काय होणार? मीच येते. पण एक आहे. आमच्या शेजारच्या गावात अशी खोली नाही. दगड आहेत, बांधणारं कोणी नाही. तुमचे गवंडी द्याल?"

"देतो," पाटील म्हणाले.

दोघे त्याच नावेने परत आले. पाटलांच्या घरी पाने वाढायची तयारी चालली होती. घर भरलेले होते. कणग्या धान्याने भरल्या होत्या, शिंक्यावर लोणी होते. अनसूयाने सगळीकडे नजर फिरवली. तिने औषध काढले नाही की नाडी पाहिली नाही. तिने पाटलीणबाईंना एवढेच विचारले, "सून जेवते कधी?"

"सगळ्यांचं झालं की मग. उरेल ते."

"आज तिला आधी वाढा."

असे त्या घरात कधी झाले नव्हते. पाटलीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. पाटलांनी भिंतीशी उभा केलेला स्वतःचा पाट उचलला, मध्ये मांडला, आणि म्हणाले, "हौसा, बस बाळा."

हौसा बसली. ताटात गरम भाकरी आली, भाजी आली, लोण्याचा गोळा आला. पण सासऱ्यांसमोर, दिरांसमोर, सगळे उपाशी उभे असताना तिचा हात ताटाकडे जाईना. डोळे भरून आले.

पाटील तिच्यासमोर जमिनीवरच बसले. "जेव," ते म्हणाले. "आम्हाला घाई नाही."

हौसाने पहिला घास घेतला.

तात्पर्य: आपण शेजाऱ्याच्या पुढे आहोत की मागे, याची फुशारकी किंवा खंत करत बसू नये. त्याचे चांगले आहे ते मागून घ्यावे, आपले चांगले आहे ते द्यावे. आणि राज्य किती मोठे झाले हे पाहायचे असेल, तर त्या राज्यात सर्वांत शेवटी जेवणाऱ्याच्या ताटात काय येते, ते आधी पाहावे.