सातदगडीचा उतार

एकदा एक म्हातारा नावाडी होता, पार उत्तरेकडे, जिथं रस्ते संपतात आणि पुढं फक्त नदी उरते. हौशी प्रवाशांना तो होडीतून रानावनातून न्यायचा आणि संध्याकाळी काठावरच्या लाकडी विश्रामगृहात पोचवायचा. लोक यासाठी पैसे मोजून येतात म्हणे. मी मांडव्याच्या लाँचमध्येसुद्धा डोळे मिटून बसते, त्यामुळे मला काही विचारू नका.

त्याच्या हाताखाली एक शिष्या शिकत होती. तिथला नियम असा, की गुरूच्या देखत, प्रवासी बसवून, सातदगडीचा उतार एकाच मोसमात तीनदा पार केला, की विश्रामगृहाची मालकीण स्वतंत्र होडी देते. सातदगडी म्हणजे नदी जिथं खडकांमधून उसळत खाली पडते ती जागा. शिष्येचे दोन उतार झाले होते. तिसरा आज. उद्यापासून नदी गोठणार, म्हणजे आज नाही तर एकदम पुढच्या वर्षी.

त्या दिवशी होडीत एक व्यापारी आणि त्याची बायको होती. व्यापारी सकाळपासून बोलत होता. "काय म्हातारबा, यापेक्षा मोठं पाणी नाही का तुमच्याकडे? हे म्हणजे आमच्या गावचा ओढा झाला."

"तुम्ही गावच्या ओढ्यात तरी कधी उतरलात?" बायको म्हणाली.

सातदगडीचा आवाज ऐकू यायला लागला. शिष्येनं वल्ही सावरली. तेवढ्यात म्हातारा म्हणाला, "काठाला घे. आज माझी छाती होत नाही. चालत जाऊ."

"इतकी वर्षं नदीवर काढून घाबरलात?" व्यापारी मोठ्यानं हसला.

"घाबरलो बुवा. वय झालं."

व्यापाऱ्यानं मोठ्या उत्साहानं सामान उचललं आणि बायकोला घेऊन पायवाटेनं पुढं निघाला. उताराखाली पुन्हा पाण्यात सोडायला गुरू-शिष्येनं हलकी होडी उलटी करून डोक्यावर घेतली. आत अंधार, खाली फक्त एकमेकांची पावलं दिसत होती.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "बाबा, खरंच भीती वाटली?"

"आज नाही वाटली."

"मग माझं वर्ष का घालवलंत?"

"सकाळपासून तू कुठं बघत होतीस?"

"पाण्याकडे."

"चांगलंच बघतेस. मी शेठच्या हाताकडे बघत होतो. संथ पाण्यातसुद्धा त्यानं होडीच्या कडेचा दोर सोडला नाही. न्याहारीची भाकरी तशीच खिशात. उतारावर तू 'डावीकडे झुका' म्हणाली असतीस आणि तो दोराला चिकटून बसला असता. मग चौघंही बर्फाच्या पाण्यात."

"तसं सांगायचं मग त्यांना."

"बायकोसमोर? हट्टानं पहिला होडीत जाऊन बसला असता. घाबरलेल्याला घाबरट म्हटलं, पोरी, की तो नको तिथं उडी मारतो. त्याला खाली उतरायला एक पायरी लागते. मी माझ्या अब्रूची करून दिली. जुनी आहे, थोडी झिजली तरी चालतं."

"तुमची अब्रू तुमची. वर्ष माझं गेलं."

म्हाताऱ्यानं डोक्यावरची होडी जरा सावरली. मग म्हणाला, "हो. ते तुला विचारायला हवं होतं. चुकलंच."

यावर ती काहीच बोलली नाही. मीही नसते बोलले. दोन दिवस तरी नक्कीच नाही.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मालकीणबाईंनी विचारलं, "झाला का तिसरा उतार?"

"कसला होतोय," व्यापारी हसत म्हणाला. "तुमचा म्हातारा ऐनवेळी घाबरला."

मालकीणबाईंचा हात वाढता वाढता थांबला. "खरं का हो? मग पुढच्या वर्षी तुमच्या हाती माणसं कशी सोपवू मी?"

म्हातारा खाली बघून माशाचे काटे काढत राहिला. शिष्येनं व्यापाऱ्याकडे पाहिलं. त्याची बायको त्याच्या वाटीत रस्सा वाढत होती आणि तो दिवसभरात पहिल्यांदाच पोटभर जेवत होता.

"बाबा नाही, मी घाबरले," शिष्या म्हणाली. "त्यांनी मला सांभाळून घेतलं."

"असं होय. मग होडी पुढच्या वर्षी."

"हो."

व्यापाऱ्याचं हसू थांबलं. त्यानं घास खाली ठेवला. "बाई," तो मालकीणबाईंना हळूच म्हणाला, "पाणी खरंच फार होतं. कुणीही घाबरलं असतं."

बायकोनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि भाकरीचं ताट त्याच्याजवळ सरकवलं. म्हाताऱ्यानं काटे काढलेला मासा शिष्येच्या पानात ठेवला.

दुसऱ्याची भीती आपल्या नावावर घेणारी माणसं असतात, म्हणून बाकीचे आपण शूर दिसतो. माझं म्हणाल, तर मी अजून शूर दिसणाऱ्यांतच आहे.