पुसणीचा खडक

आडवेळच्या बंदरातून बाहेर पडताना डाव्या हाताला एक काळा खडक लागतो. भरतीला तो गुडघाभर उरतो, ओहोटीला माणसाहून उंच होतो. माथ्यावर दोन पावलं मावतील एवढीच जागा गुळगुळीत आहे, बाकी सगळी कालवांची धार. त्याला पुसणीचा खडक म्हणतात. पुसणं म्हणजे विचारणं.

या किनाऱ्यावर समुद्राला निघालेल्या माणसाला 'कुठं चाललास?' असं विचारत नाहीत. कोणी विचारलंच, तर त्या दिवसापुरती होडी माघारी फिरवायची. आमच्या गावात मात्र दसऱ्याच्या दुसऱ्या सकाळी, होड्या खोल पाण्यातल्या मासेमारीला निघतात तेव्हा, गावातली सर्वांत नवी सून या खडकावर उभी राहून नेमकं हेच विचारते. एकेका होडीला, नाव घेऊन.

याची गोष्ट माझे चुलत सासरे गोमाबाबा पाहुण्यांना सांगतात, वलांडीवर वाळत घातलेले बोंबील उलटवता उलटवता. पाहुणे पुण्याचे असले की गोष्टीतल्या चार होड्यांच्या सात होतात. मी चारच धरते.

शिडांच्या काळात हिराजी तांडेलाच्या घरी पोवळी नावाची सून आली, म्हणे. तांडेल म्हणजे होडीचा कर्ता. पोवळी खाडीच्या वरच्या अंगाची. तिकडे पुरुष गुडघाभर पाण्यात पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकतात, आणि दुपारची भाकरी कुठे न्यायची हे बायकांनी सकाळीच विचारून ठेवायचं असतं. जी विचारत नाही ती आळशी.

त्या साली हस्ताचा पाऊस लवकर सरला. पाणी निवळलं, ऊन चटके देऊ लागलं, आणि घोळ माशांचे थवे बाहेर खोलात आल्याची खबर लागली. चार होड्या सुटल्या. पोवळीचा नवरा धर्मा बापाच्या होडीवर शीड चढवत होता, तेवढ्यात पोवळी धावत खडकावर चढली आणि खणखणीत आवाजात सासऱ्याला विचारती झाली,

"मामा, कुठं चाल्लाव?"

 सासूनं कपाळावर हात मारला. "अगो बया, जीभ हाय का कोयती!"

शेजारच्या होडीवरून राघो ओरडला, "तांडेल, फिरवा होडी! सुनेला भाकरी आनायची हाय!"

हिराजी हट्टी माणूस. माघारी फिरावं तर घोळ बाकीचे नेणार. पुढे जावं तर अपशकुन. त्यानं तोड काढली. खडकाकडे बघून तो मोठ्यानं म्हणाला, "घरा!" घरी निघालेल्याला अपशकुन कसला? सगळे खो खो हसले आणि होड्या गेल्या.

सासूनं पोवळीला बजावलं, ते येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. पोवळीनं घरात उघडलं नाही. पण रोज सकाळी ती खडकावर जाई आणि पाण्याकडे बघून तेच विचारी. सासऱ्याच्या उत्तरानं तिचं समाधान झालं नव्हतं. घरी जायला कोणी समुद्रात शिरतं का?

तिकडे माडांचे शेंडे दिसेनासे होऊन दोन दिवस झाले. घोळ शोधायची रीत अशी, की वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचं आणि दांडा कानाला लावायचा. खाली थवा असला की बेडूक ओरडल्यासारखं ऐकू येतं. हिराजीचा कान गावात पहिल्या नंबरचा. तिसऱ्या सकाळी त्यानं दांडा कानाला लावला. बेडूक नव्हते. खालून बारीक आवाज आला, कुठं चाल्लाव?

त्यानं दांडा पुसला, दुसऱ्या अंगाला पाण्यात सोडला. तेच. धर्माला ऐकायला दिलं, तर धर्मा उडालाच. "बाबा, घोळच घोळ हाय खाली! जालं टाकू!"

हिराजी बसेना. नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला जाई, परत येई, पुन्हा कान लावी. वारा तर नावाला नाही. शेवटी त्यानं वल्हं आत ओढून घेतलं. "मी तोंडानं 'घरा' सांगून आलोय," तो म्हणाला. "फिरवा."

"तांडेल सुनेला भ्याला रं!" राघोनं हाळी दिली. त्याच्या जाळ्यात तेव्हा घोळ उसळत होते.

पाचव्या दिवशी दुपारी हिराजीची रिकामी होडी बंदरात शिरली. पोवळी खडकावरच होती. आता काय ऐकावं लागणार म्हणून तिनं मान खाली घातली. हिराजी एवढंच बोलला, "आलो बाय, घरा."

दिवस मावळायच्या आत तुफान उठलं. दोन होड्या आठ दिवसांनी डोलकाठ्या मोडून परतल्या. राघोची आलीच नाही.

महिन्यानं राघोची आई जनाय तांडेलाच्या दारात आली. शिव्याशाप द्यायला आली, असं वाटून सासू उंबऱ्यात आडवी झाली. जनाय तिला बाजूला सारून पोवळीपुढं बसली आणि म्हणाली, "माज्या राघोला पन इचारलं आस्तंस तर, गो?"

 पुढच्या दसऱ्याला पोवळीनं विचारल्यावाचून एकही होडी सोडली नाही, असं सांगतात.

आजही दसऱ्याच्या दुसऱ्या सकाळी होड्या खडकापाशी येतात तेव्हा इंजिनं बंद करतात. वायरलेस आहे, जीपीएस आहे, तरी प्रत्येक तांडेल थांबतो, टोपी काढतो आणि "घरा!" म्हणतो. जे हसून म्हणतात त्यांना पुन्हा म्हणायला लावतात.

यंदा सर्वांत नवी सून मी आहे. माझा आवाज माडाच्या पलीकडे जात नाही, असं सासूबाईंचं मत. त्या रोज मला अंगणातून ओरडायला लावतात आणि स्वतः विहिरीपाशी उभ्या राहतात. आमची होडी तिसरी आहे. तिच्यावर माझा नवरा असेल.

सगळ्या होड्या गेल्यावर रिकाम्या पाण्याकडे बघून एकदा राघोचं नाव घ्यायचं आणि विचारायचं. मग थोडं थांबून उतरायचं, असं गोमाबाबा सांगतात. थोडं म्हणजे किती, हे मी दोनदा विचारलं. ते बोंबील उलटवत राहिले.